सत्तारचाचांची सागवानी चौकट

पेटी चार फूट दोन इंच रुंद आणि दुकानाचं दार तीन फूट. हा शोध मला एप्रिलमधल्या एका दुपारी अकोल्यात लागला. तोवर पेटी 'छोटा हत्ती' टेम्पोतून उतरून रस्त्यावर उभी होती, ड्रायव्हर घड्याळ पाहत होता, आणि अमरावतीच्या कॉलेजातून काय आलं ते बघायला निम्मी गल्ली जमली होती. मी टेप काढला. दार मोजलं. मग पेटी मोजली. मग पेटी आणखी एकदा मोजली, जणू वाटेत मूर्तिजापूरजवळच्या उन्हात ती दोन-चार इंच आटली असेल.

"काऊन रे रेल्वे," दुकानातून सत्तारचाचा मला म्हणाले, "दार मोजलं नवतं काय?"

"मशीन मोजली होती, चाचा."

"मशीन आत हाय. आत जाच्याले दार लागते ना, बाप्पा."

अभियांत्रिकीच्या सहाव्या सत्रात असं वाक्य कोणी शिकवत नाही.

पेटीचे भाग सुटे करून आत नेता आले असते, पण ते सुटे होत नव्हते. आराखड्यात सगळीकडे नट-बोल्ट होते. मात्र गुणपत्रिकेत 'मजबुती' या रकान्याला पाच गुण आहेत असं कळल्यावर मी नट-बोल्ट काढून सगळा सांगाडा वेल्डिंग करून घेतला होता. पाचपैकी पाच मिळाले. आता तीच मजबुती रस्त्यावर उभी होती आणि तिच्या सावलीत एक कुत्रं येऊन बसलं होतं.

चाचा बाहेर आले. पेटीभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, मग दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आत जाऊन पहार आणली आणि स्वतःच्या दुकानाची चौकट स्वतः उचकटायला लागले.

"चाचा, थांबा. आपण पेटी परत नेऊ, कापून आणू."

"किती दिस लागन?"

"दहा-बारा."

"मंग नाई," ते म्हणाले आणि पहारेवर जोर दिला. "लग्नाचा शिजन हाय. दहा दिस म्या काय श्वास घेऊ नई?"

ती चौकट सागवानी होती. त्यांच्या वडिलांनी ती कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग गिरणीच्या लिलावातून आणली होती. तिच्या डाव्या खांबावर करवतीच्या पाच खाचा होत्या. मी आजवर त्या पाहिल्या होत्या, पण त्यांचा अर्थ विचारला नव्हता. खांब भिंतीतून सुटताना चाचांनी सांगितलं. सगळ्यात वरची खाच मोठ्या गादीची, तिच्याखालची एकट्या माणसाच्या गादीची, मग रजईची, मग उशीची, आणि गुडघ्याच्या जरा वर एक बारकी खाच होती ती पाळण्यातल्या गादीची. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की चाचा ते खांबाला लावायचे आणि टेप न काढता सांगायचे, हात-दीड हात कमी पडते. पन्नास वर्षं ज्या चौकटीनं अख्ख्या मोहल्ल्याच्या बिछान्यांची मापं सांगितली, तिचं माप मी घेतलं नव्हतं.

चौकटीलगतच्या विटा पाडल्यावर पेटी आत गेली. विटांचा चुरा पायाखाली घेऊन मी उभा होतो. चाचा घाम पुसत म्हणाले, "चौकट तुयाकडे उधार."

"लावून देतो, चाचा. या महिन्यातच."

"घाई नाई. पैले पेटी चालव."

आता ही पेटी म्हणजे काय, आणि मी तिथं काय करत होतो, ते सांगायला हवं.

अमरावतीचं आमचं अभियांत्रिकी कॉलेज, अकोल्याचं एक व्यवस्थापनाचं कॉलेज आणि परदेशातलं एक विद्यापीठ यांनी मिळून एक करार केला होता. पुस्तकातला अभ्यासक्रम बाजूला ठेवायचा, एका खऱ्या माणसाची खरी अडचण घ्यायची आणि एका सत्रात ती सोडवायची. आम्ही यंत्र करायचं, अकोल्याच्या मुलांनी त्यातून धंदा कसा उभा राहील ते पाहायचं, परदेशी प्राध्यापकांनी पडद्यावरून मान हलवायची. याला 'आव्हानाधारित शिक्षण' म्हणायचं, आणि ज्याची अडचण तो 'आव्हानदाता'. माझी जोडीदार अकोल्याची अदिती. तिच्या घरच्या गाद्या सत्तारचाचांकडे भरल्या जायच्या, म्हणून ती मला त्यांच्याकडे घेऊन गेली.

"तुम्ही आमचे आव्हानदाता," ती फॉर्म पुढे करून म्हणाली.

चाचांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. "बाप रे. अन्नदाता आयकला होता. मंग आता नगरसेवकाले उभा राहू काय?" मग माझ्याकडे वळून, "हे कोन पोट्टं?"

"मी सोहम. धामणगाव रेल्वेचा."

"रेल्वेचा म्हनजे बाप रेल्वेत हाय?"

"नाही. गावाचंच नाव तसं आहे."

"मंग तूच रेल्वे," ते म्हणाले, आणि तेव्हापासून मी रेल्वे झालो. उशिरा पोचलो की 'आज किती लेट', लवकर पोचलो की 'आज कोन्ती इस्पेशल सोडली'.

अब्दुल सत्तार पिंजारी होते. त्यांचे वडील खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी घेऊन गावोगाव फिरायचे. मोठ्या धनुष्यासारखी ती लाकडी धुनकी दुकानाच्या भिंतीवर अजून टांगलेली होती. तिवसा, मोझरी, पार कौंडण्यपुरापर्यंत ते पायी जायचे, कोणाच्या ओसरीत बसून त्यांच्या जुन्या गादीतला कापूस मोकळा करून द्यायचे आणि दोन वेळचं जेवून पुढच्या गावी. मोझरीच्या आश्रमात त्यांनी एकदा शंभर गाद्या पिंजल्याचं चाचा अभिमानानं सांगायचे. चाचांनी स्वतः तरुणपणी मोटरवर चालणारी मशीन घेतली. एका बाजूनं घट्ट झालेला जुना कापूस घालायचा, आत खिळ्यांचा रूळ फिरतो, दुसऱ्या बाजूनं कापूस ढगासारखा फुलून खोलीत पडतो. त्याच्याबरोबर कापसातली वीस वर्षांची धूळही बाहेर पडते. ती चाचा चाळीस वर्षं श्वासातून आत घेत होते.

त्यांची एक रीत होती. जुन्या गाद्यांमधून काय काय निघतं. नथ, केसातला आकडा, शाळेचं प्रगतिपुस्तक, प्रेमपत्र, आणे-पैसे. मशीनमध्ये घालण्याआधी ते सगळा कापूस हातानं चाचपायचे, सापडेल ते काढायचे आणि बिस्किटांच्या एका चौकोनी डब्यात ठेवायचे. वर उर्दूत चिठ्ठी, कोणाचं ते. माणूस गादी न्यायला आला की आधी त्याची वस्तू त्याच्या हातात, मग गादी. एकदा एका बाईंची हरवलेली सोन्याच्या मण्यांची माळ निघाली. माळेच्या संशयावरून घरातली मोलकरीण काढून टाकलेली होती. चाचांनी माळ तेव्हाच दिली नाही. म्हणाले, "पैले त्या बाईले बोलाव. तिच्यासमोर देतो."

मी विचारलं, "आणि त्यांनी बोलावलं?"

"नाई त काय. माळ पाहिजे होती ना."

हे सांगताना ते हसले, आणि हसण्याचा शेवट खोकल्यात झाला. त्यांचं प्रत्येक हसणं खोकल्यात संपायचं. त्यामुळे विनोद सांगताना मला हिशेब ठेवावा लागे. फार चांगला विनोद त्यांना परवडत नव्हता.

त्यांची मुलगी शाइस्ताआपा उर्दू शाळेत शिकवायची. पहिल्याच भेटीत तिनं मला बाजूला घेऊन डॉक्टरांचा कागद दाखवला होता. डॉक्टरांचं म्हणणं सोपं होतं. धूळ थांबवा, नाहीतर मशीन थांबवा. दोन्ही चालू राहिली तर पुढचा हिवाळा कठीण.

"दुकान बंद करा म्हणून किती सांगितलं," ती म्हणाली. "ऐकत नाहीत. म्हणतात, घरी बसून काय करू, तुझ्या पोरांच्या वह्या तपासू? आता तुम्ही म्हणताय धूळ थांबेल. खरंच थांबेल का, ते सांगा. परीक्षेपुरतं नका सांगू."

मी म्हणालो, थांबेल. आणि एवढं एक मी खोटं बोललो नव्हतो.

पेटी चालली. मशीनच्या तोंडाशी ती बसवली, पंखा सुरू केला, धूळ वर ओढली जाऊन मागच्या कापडी पिशव्यांत जमायला लागली. आम्ही चाचणीसाठी पांढरी फडकी वापरत होतो. पेटीशिवाय मशीन चालवली की दिवसाअखेर मशीनसमोर टांगलेलं फडकं राखेच्या रंगाचं व्हायचं. पेटी लावल्यावर संध्याकाळी ते काढलं, तर ते जवळजवळ तसंच होतं. चाचांनी ते हातात घेतलं, उजेडात धरलं, मग नाकाला लावून एक मोठा श्वास घेतला. पूर्ण. मध्ये खोकला आला नाही.

"शाइस्ता," त्यांनी हाक मारली, "इधर आ. ये देख."

ती आली. तिनं फडक्याकडे पाहिलं आणि मग वडिलांकडे पाहत राहिली. आत जाऊन चहा टाकला. माझ्या चहात साखर दुप्पट होती.

असे अकरा दिवस गेले. मी मुद्दाम मोजलेत.

बाराव्या दिवशी अमरावतीहून आमच्या समन्वयक अनुपमा मॅडमचा फोन आला. अंतिम सादरीकरण कॉलेजात होणार, नमुना तिथं हवा. फक्त दोन दिवस.

मी चाचांना सांगितलं. ते गादीला टाके घालत होते. मान वर न करता म्हणाले, "नेच ना. तुयी परीक्षा हाय. दोन दिसात मरत नाई मी." मग उघड्या दाराकडे पाहून, "बरं झालं चौकट नाई लावली. डबल तोडा लागली असती."

सादरीकरणाला ते स्वतः आले. एसटीनं, इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून, खिशात अकराव्या दिवसाचं फडकं घडी करून. भल्या मोठ्या पडद्यावर तीन परदेशी प्राध्यापक दिसत होते. आमचं बोलून झाल्यावर त्यातल्या बाईंनी विचारलं, की या पेटीनं तुमचं आयुष्य कसं बदललं. मी चाचांना मराठीत सांगितलं. त्यांनी जरा विचार केला.

"पेटी दोन दिसाचं म्हनून आनली," ते पडद्याकडे बघून अदबीनं म्हणाले. "आज तिसरा हाय. बाईले विचार, घरी कवा नेऊ?"

समोर प्राचार्य बसले होते. अकोल्याच्या संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब बसले होते, खास गाडी करून आलेले. माझ्या हातात माईक होता. मी इंग्रजीत म्हणालो, की ते म्हणतात, या पेटीनं त्यांचं आयुष्य बदललं आणि ते तुमचे सगळ्यांचे आभारी आहेत.

पडद्यावरचे तिघं टाळ्या वाजवायला लागले. मग सभागृहही.

चाचांनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हनली बाई?"

"म्हणाल्या, लवकरच."

"चांगली हाय बाई," ते म्हणाले.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं.

त्यानंतर पेटीचं जे झालं त्यात एकही माणूस वाईट नव्हता, हीच मोठी पंचाईत. करारात एक कलम होतं की नमुना इथल्या दोन्ही संस्थांच्या संयुक्त मालकीचा राहील. ते कलम मी सही करताना वाचलं नव्हतं. त्या दिवशी आमची क्रिकेटची मॅच होती. आता पेटी बाहेर द्यायची तर दोन्हीकडच्या सह्या लागणार. अमरावती म्हणे, पेटी आमच्या कार्यशाळेत झाली, कॉलेजची मूल्यांकन समिती येऊन जाईपर्यंत ती प्रदर्शनाच्या दालनात असू द्या. अकोल्याचे बापूसाहेब म्हणत, माणूस आमच्या गावचा, आव्हान आमच्या गावचं, तर पेटी आमच्या सभागृहात का नको? अनुपमा मॅडम दोन्हीकडे पत्रं लिहायच्या. त्यांच्या पत्रांत सत्तारचाचांचं नाव दर वेळी नीट, पूर्ण असायचं. दालनातल्या पाटीवर मात्र 'लाभार्थी: एक स्थानिक कारागीर' असं होतं. पेटीभोवती लाल दोरी होती. लाभार्थी अकोल्यात लाभाशिवाय बसले होते.

मी दालनात जाऊन तिच्याकडे पाहून यायचो. कोणीतरी तिला रोज पुसायचं. एवढी स्वच्छ पेटी मी जन्मात पाहिली नाही. जिचं कामच धूळ खाणं, तिच्यावर धुळीचा कण नव्हता.

पेटी कुठवर आली ते विचारायला चाचांचा फोन दर आठ-पंधरा दिवसांनी यायचा.

"काऊन रे रेल्वे, पेटी कोठीलोक आली?"

पहिल्यांदा मी खरं सांगायचा प्रयत्न केला. करार, कलम, सह्या. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हनजे सिग्नल नाई भेटला." तिथून ते सुरू झालं. पुढच्या वेळी मी म्हणालो, बडनेऱ्याला, म्हणजे अमरावतीला लागूनच, उभी आहे. ते हसले. गणपतीच्या सुमाराला, कुरूमला क्रॉसिंग आहे. दसऱ्याला, मूर्तिजापूर सोडलं. ते रागावले असते तर मी कदाचित काहीतरी केलं असतं. पण त्या खेळात दोघांनाही सोय होती. त्यांना विचारायची लाज वाटायची नाही आणि मला सांगायची.

ऑक्टोबरात एकदा दुकानात गेलो. दाराच्या जागी निळी ताडपत्री टांगलेली. दोन्ही बाजूंना उघड्या विटा. चौकटीचा खाचांवाला खांब कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि चाचा कापड त्याला लावून माप घेण्यासाठी दर वेळी उठून कोपऱ्यात जात होते.

"चाचा, चौकट तरी लावून घेऊ. थंडी येते आहे. मी मिस्त्री आणतो."

"कोनत्या मापाची लावतं?" ते म्हणाले. "तीन फुटाची लावली अन् उद्या पेटी आली, मंग? परत फोडू? राहू दे. पेटी आत गेली की मंग लाव."

"कुत्री-मांजरं शिरतात," शाइस्ताआपा मागून म्हणाली. "काल मांजर रजईत व्याली."

"तं का झालं," चाचा म्हणाले. "रजई गरम होती म्हून व्याली. मायं कामच दिसलं त्यात."

ते हसले. मी डोळे दुसरीकडे वळवले, कारण पुढे काय येणार ते माहीत होतं. या वेळी ते फार वेळ चाललं. शाइस्ताआपानं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. परीक्षेपुरतं नका सांगू, असं ती पुन्हा बोलली नाही.

त्या दिवशी परतताना अदिती बसस्टँडपर्यंत आली होती. ती म्हणाली, "सोहम, आपण दुसरी करू. आराखडा आहे, माप आहे. या वेळी नट-बोल्टची."

"करू," मी म्हणालो.

ही गोष्ट मी कोणाला सांगतो तेव्हा ऐकणारा इथं थांबवून विचारतो, मग दुसरी का नाही केलीस? करार, संस्था, बापूसाहेब, लाल दोरी, या सगळ्यांना बाजूला सारून हा एक प्रश्न उरतो. पत्रा, लोखंडी अँगल, पंखा, चार पिशव्या. दहा दिवसांचं काम. पण माझ्या मुलाखती सुरू होत्या. मुलाखतीत मी पेटीबद्दलच बोलायचो, फार छान बोलायचो, आणि डिसेंबरात पुण्याच्या एका कंपनीनं त्या बोलण्यावर मला सहा महिन्यांसाठी घेतलं. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एक ओळखीचा फॅब्रिकेटर होता, त्याला मी पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी फोन केला. तो म्हणाला, फेब्रुवारीत बसू. मी बरं म्हणालो.

रजयांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. चाचांनी नाक-तोंडाला फडकं बांधून मशीन चालवली. तेच फडकं, अकराव्या दिवसाचं. हे मला नंतर कळलं.

जानेवारीत त्यांचा फोन आला तेव्हा मी कॅन्टीनमध्ये होतो. आवाज इतका पातळ होता की आधी वाटलं, नेटवर्क खराब आहे.

"रेल्वे, कोठीलोक आली?"

"बोरगावला आली, चाचा," मी म्हणालो. बोरगाव म्हणजे अकोल्याच्या अगदी अलीकडे. "आता आलीच."

"बोरगावले आली," ते म्हणाले. थोडं थांबले. त्या थांबण्यात मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. "मंग ताडपत्री वर करून ठेवतो."

आठ दिवसांनी अदितीचा फोन आला. तिनं फक्त 'सोहम' म्हटलं आणि मला कळलं. मी पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. रेल्वे अकरा तास उशिरा पोचली, आणि किती लेट हे विचारायला कोणी नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी दोन्ही सह्या झाल्या. अनुपमा मॅडमनी मला पुण्याला फोन करून सांगितलं. "मी रोज विचारत होते रे," एवढंच म्हणाल्या. ते खरं होतं.

मार्चमध्ये रजा काढून मी अकोल्याला गेलो. सोबत अदितीच्या ओळखीचे सहदेव मिस्त्री, सुतारकाम करणारे, कानावर पेन्सिल खोचलेले. पेटी आणायची नंतर. आधी चौकट, असं मी ठरवलं होतं. उधारी तिची होती.

ताडपत्री वर करून आत गेलो तर दुकान रिकामं. जमिनीवर मशीनच्या चार पायांच्या खुणा. भिंतीवर धुनकी तेवढी होती.

"मशीन दर्यापूरच्या एकानं नेली," शाइस्ताआपा म्हणाली. "मागच्या आठवड्यात."

"एवढी जड, काढली कशी?"

"तिघांनी उचलून नेली. दार उघडंच होतं ना, पटकन निघाली."

ती सहज म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग ती आत गेली आणि बिस्किटांचा तो चौकोनी डबा घेऊन आली. "लोकांचं ज्याचं त्याचं देऊन टाकते आहे. यात तुमचं एक आहे."

डब्यात माझा टेप होता. पेटी आली त्या दिवशी मी घाबरून तिथंच कुठंतरी टाकला होता आणि नंतर नवा घेतला होता. टेपला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. मला उर्दू येत नाही. आपानं वाचून दाखवली. "रेल्वे. धामणगाव."

मी तो टेप घेतला आणि त्यानंच दार मोजायला लागलो. काहीतरी करत राहणं भाग होतं. उंची सांगितली, सहदेव मिस्त्रींनी पाटीवर लिहून घेतली. मी खांबाकडे बोट करून म्हणालो, हाच डाव्या बाजूला पुन्हा बसवता येईल का? मिस्त्रींनी जवळ जाऊन खाचांवरून अंगठा फिरवला. म्हणाले, लाकूड दगडावानी हाय, अजून शंभर वर्ष जाईन.

"तो नाही," शाइस्ताआपा म्हणाली. "तो घरात नेणार आहे मी."

"मग नवीन आणतो, आपा. सागवानीच आणतो."

तिनं मान हलवली. हो की नाही, ते मला समजलं नाही.

सहदेव मिस्त्रींनी पेन्सिल ओली केली. "रुंदी सांगा, साहेब. जुन्या दाराची धरू, तीन फूट? का आता हाय तेवढी?"

आता होती ती पेटीच्या मापाची. टेप माझ्या हातात ताणलेला होता, त्याचं दुसरं टोक उघड्या विटांना लावलेलं. शाइस्ताआपा डबा छातीशी धरून उभी होती आणि मी काय सांगतो ते ऐकत होती. तीन फूट म्हटलं तर पेटी कधी येणारच नव्हती असं झालं असतं. चार फूट दोन इंच म्हटलं तर कोणासाठी?

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

मिस्त्रींनी पाटीवर उंचीपुढे जागा कोरी सोडली. त्यांचा दोनदा फोन येऊन गेला आहे. ताडपत्री अजून तिथंच आहे, अदिती सांगते. रुंदी मी अजून कळवलेली नाही.